ठकीचा पांगुळगाडा

घोडेगाव, ता. नेवासे
१२ जून १९९७

चि. सारा हीस,
प्रभुदासआबाचा सप्रेम सलाम.

तुझं नाताळचं कार्ड येऊन सहा महिने होत आले आणि मी उत्तराला आज बसतोय, याची लाज वाटते. आधी चष्म्याची काडी मोडली. ती तारेने बांधली, तर पोस्टात आंतरदेशीय पत्रं संपलेली. आंतरदेशीय मिळालं तेव्हा वाटलं, काहीतरी लिहिण्याजोगं चांगलं होऊ दे, मग लिहू. तसं काही होईना. आता वाईट काही व्हायच्या आत लिहावं म्हणून बसलो आहे. तुझ्या बापाचा थोरला भाऊ म्हणून एवढा उशीर पोटात घाल.

फोन का केला नाही म्हणशील. एसटीडीच्या त्या खोक्यात लाल आकडे पळायला लागले की मला स्वतःचं नाव आठवत नाही.

गोष्ट अशी आहे. आमच्या जस्टिनची मुलगी रूथ, जिला आम्ही घरात ठकी म्हणतो, ती एप्रिलमध्ये वर्षाची झाली. मी लाकडाच्या ठक्या करतो तशीच ती जन्मली तेव्हा दिसत होती, गोल डोकं, हात अंगाला चिकटलेले, म्हणून ठकी. ती अजून चालत नाही. धरून उभी राहते. मी केलेला पांगुळगाडा ढकलते. पण हात सुटला की मटकन खाली. शेजारच्या कडूबाईचा नातू हिच्याहून धाकटा, आणि काल तो आमच्या अंगणात स्वतःच्या पायांनी कोंबडीमागे धावत होता. मला तेव्हापासून जेवण गेलेलं नाही.

सून हेलन अंगणवाडीत आहे हे तुला माहीत आहेच. ती म्हणते, "आबा, दीड वर्षापर्यंत वाट बघायची असते." डोस सगळे दिलेत, तिनेच पाजलेत. डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी गुडघ्यावर रबराची हातोडी मारली, पाय उडाला, ते म्हणाले, "उत्तम." हातोडी मारली की पाय कोणाचाही उडेल. कडूबाई तर मला हसते. "आवं आबा, चालंल की! तिला का आत्ताच येष्टी धरायचीय?"

तू कार्डावर लिहिलं होतंस की मज्जातंतूंच्या पेशी वाढताना त्यांच्या आतला सांगाडा कसा रचला जातो, याचा तू अभ्यास करतेस. ते वाक्य मी पाळकसाहेबांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि "देवाची करणी अगाध आहे" म्हणाले. म्हणजे त्यांनाही कळलं नाही. मला छपराचा सांगाडा कळतो, खाटेचा कळतो. नसेच्या आत सांगाडा कोण बसवतं? एखाद्या लेकरात तो बसवायचा राहून गेला तर बाहेरून कळतं का? घरच्या घरी बघायची काही युक्ती असेल तर तीही लिही.

हेलनला यातलं काही कळवू नकोस. ती म्हणते मी काळजी उकरून काढतो.

तुझा,
प्रभुदासआबा


बंगलोर
२५ जून १९९७

ति. आबांना,
साराचा सलाम.

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसले, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं तेव्हा तिला पाळकसाहेबांचं वाक्य इंग्रजीत सांगावं लागलं. आमच्या वार्षिक बैठकीत एक मोठे प्राध्यापक अगदी तसंच म्हणाले होते, फक्त देवाचं नाव न घेता.

आधी हे सांगते की मी औषधवाली डॉक्टर नाही. पुढच्या वर्षी नावामागे डॉक्टर लागलं, तरी कोणाचं पोट दुखलं तर माझा उपयोग ओव्याइतकाही नाही. ठकीबद्दल हेलनवहिनी सांगतात तेच खरं धरा. घरच्या घरी बघायची युक्ती नाही. आम्हालाच ते बघायला खोलीभर यंत्र लागतं.

पण सांगाडा काय, ते सांगते. आम्ही कोंबडीची उबवलेली अंडी घेतो. आत पिलू घडायला लागलेलं असतं. त्याच्या पाठीच्या कण्याजवळून मज्जापेशी काढतो आणि काचेच्या बशीत ठेवतो. पहिल्यांदा ती पेशी ज्वारीच्या दाण्यासारखी गोल दिसते. मग तिला कोंब फुटतात. त्यातला एक लांबत जातो, त्याचा तंतू होतो. ज्याला तुम्ही नस म्हणता ती अशा हजारो तंतूंची जुडी. माणसात कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एक तंतू म्हणजे एकाच पेशीचा एकच कोंब असतो, आबा. मला अजूनही हे लिहिताना नवल वाटतं.

एवढा लांब आणि इतका बारीक तंतू लोळागोळा का होत नाही? कारण त्याच्या आत पोकळ नळ्या असतात, वेळूच्या बेटातून काढल्यासारख्या. त्या एकामागे एक, एकाच दिशेला तोंड करून लावलेल्या असतात, वाढतं टोक पुढे. हाच तो सांगाडा. तो बाहेरून कोणी बसवत नाही. पेशीतच बारीक मणी तरंगत असतात, ते एकमेकांना चिकटतात आणि नळी तयार होते. तंतूच्या अगदी पुढे एक पसरलेला पंजा असतो, बोटं सारखी हलत असतात, अंधारात भिंत चाचपडावी तशी. आणि गंमत म्हणजे त्या पंजापाशी पोचलेल्या नळ्या वाढता वाढता एकाएकी मोडतात. धडाधड मणी सुटतात आणि नळी आखडते.

इथे थांबते. अंडी उबवणीयंत्रातून काढायची वेळ झाली, आणि पेशी माणसांसारखी वाट बघत नाहीत. उरलेलं पुढच्या पत्रात.

ठकीला पापा.
सारा


घोडेगाव
५ जुलै १९९७

चि. सारा हीस,
सलाम.

पत्र मिळालं. तू फार चांगलं समजावलंस. मला सगळं कळलं, आणि कळल्यापासून झोप उडाली.

नळ्या वाढता वाढता मोडतात, हे तू गंमत म्हणून लिहिलंस. मी आयुष्यभर लाकडात काम केलं. वाढत्या कामात मोडणारं लाकूड सुतार हातात घेत नाही. लेकराच्या आत असा कच्चा माल असेल, तर आपण बाहेरून तरी जपलं पाहिजे. ठकी उभी राहते आणि मटकन बसते, तेव्हा त्या नळ्यांना किती हिसका बसत असेल! इतके दिवस मी तिला पडू दिलं. हे मला आधी कोणी सांगितलं नाही. आम्ही सुतार तरी नवीन चौकट भिंतीत पक्की होईपर्यंत टेका देऊन ठेवतो.

म्हणून मी काय केलं ते सांगतो. पांगुळगाडा घेतला. तीन चाकं होती, त्याला आणखी दोन लावली, म्हणजे कलंडायला नको. चारी बाजूंनी कठडा केला, काखेपर्यंत उंच. कठड्याला आतून गोधडी ठोकली. चाकाखाली पाचर मारली, म्हणजे उंबऱ्याकडे जायला नको. आता ठकी मध्ये उभी असते आणि तिने मनात आणलं तरी पडू शकत नाही. बाकी वेळ मी कडेवर घेतो. माझे हात अजून चांगले आहेत.

कडूबाईने पाहिलं आणि म्हणाली, "पांगुळगाडा हाय का देव्हारा? फुलं आनू का?" या बाईला विज्ञान कळत नाही.

ते मणी कोणत्या धान्यात असतात ते लिही. सध्या मी नाचणी, गूळ आणि अंड्याचा बलक चालू केला आहे. अंड्याचं तू लिहिलंस म्हणून खुडूक कोंबडीखालचं एक अंडं बॅटरीपुढे धरून पाहिलं. आत लाल दोरे दिसले. हेच ते तंतू असणार. एकही मोडलेला नव्हता. मला बरं वाटलं. अंडं परत ठेवलं.

तुझं उरलेलं पत्र सवकाशीने आलं तरी चालेल. मुख्य ते कळलं.

तुझा,
आबा


घोडेगाव
२२ जुलै १९९७

सारावन्सं,
सलाम वि. वि.

तुम्ही आबांना काय लिहिलंत? मी तुम्हाला दोष देत नाही, पण काय लिहिलंत ते मला एकदा सांगा, कारण आमच्या घरात कोणालाही उभं राहायला भीती वाटायला लागली आहे.

आबांनी पोरीचा पिंजरा केलाय. मी अंगणवाडीतून येते तेव्हा ती एक तर त्या कठड्यात उभी असते, नाहीतर आबांच्या कडेवर. जमिनीला पाय लागूच देत नाहीत. "आत नळ्या असतात, मोडतात, सारानं कळवलंय," म्हणतात. परवा भक्तीच्या वेळी पाळकसाहेबांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. ठकी बाकाला धरून उठायला लागली, तर आबा मोठ्याने म्हणाले, "बस, बस, पडशील!" पुढच्या तीन बाकांवरची मंडळी बसली. पाळकसाहेबांना वाटलं आपलंच काही चुकलं.

हसण्यावारी नेलं असतं, पण वन्सं, महिन्यापूर्वी ती धरून धरून भिंतीच्या कडेने जात होती. आता तेही सोडलंय. कडेवरून खाली ठेवली की दोन्ही हात वर करते, "आबा, आबा." मला अंगणवाडीत रोज पंचवीस लेकरं बघायची सवय आहे. लेकरू उशिरा चालतं ते वेगळं आणि चालायचं विसरतं ते वेगळं. मला आता खरंच धास्ती वाटते.

कडूबाई काल कुंपणावरून म्हणाल्या, "येवढा जन्म शिंगणापूरच्या बिनदाराच्या चौकटी केल्या ह्या म्हाताऱ्यानं, अन् नातीला मातर कोंडून ठिवतो." आबा रंधा मारत बसले.

यांच्याशी, तुमच्या भावाशी, बोलायचं तर हे टेम्पो घेऊन आठवडा आठवडा बाहेर. मी ठरवलंय. ऑगस्टमध्ये नगरला माझं तीन दिवसांचं प्रशिक्षण आहे, ते झालं की ठकीला घेऊन श्रीरामपूरला आईकडे जाणार. ती चालायला लागेपर्यंत तिथेच राहील. आबांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते गाडीसमोर आडवे पडतील. त्यांचा जीव तिच्यात आहे, हे मला दिसत नाही असं नाही. पण इतकं कशाला भ्यायचं, ते मला कळत नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

तुमची,
हेलन


बंगलोर
२ ऑगस्ट १९९७

ति. आबांना,
सलाम.

चूक माझी. मी पत्र मोडत्या जागी सोडून अंडी काढायला पळाले. आज सगळं काम बाजूला ठेवून उरलेलं लिहिते आहे.

नळ्या मोडतात, कारण मोडल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. पुढची वाट कुठे आहे, हे नळीला माहीत नसतं. पंजाची बोटं चाचपडतात, एखादी नळी एका बोटात शिरते, तिथे काही नसलं तर मोडते. सुटलेले मणी वाया जात नाहीत, तेच दुसऱ्या नळीला लागतात. ती दुसरीकडे शिरते. एखाद्या ठिकाणी धरायला चांगलं मिळालं की तिथली नळी टिकते आणि तंतू तिकडे वळतो. मागच्या बाजूला, जिथून तो पुढे आलेला असतो, तिथल्या नळ्या हळूहळू पक्क्या होतात. पक्कं आधी आणि चालणं नंतर असा क्रम नाही, आबा. चालत जातं तसं मागचं पक्कं होत जातं.

मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. एका झाडाच्या सालीतून काढलेलं एक औषध आहे. ते दिलं की नळ्या मोडायच्या थांबतात. मी बशीत ते थोडं जास्तच घातलं. सगळ्या नळ्या शाबूत, एकही मोडेना. तुमच्या भाषेत, एक नंबरचा सागवान. आणि तंतू जिथल्या तिथे थांबला. पंजा मिटला. दुसऱ्या दिवशीही तिथेच. मी ती बशी बराच वेळ बघत बसले आणि मला तुमचा पाच चाकांचा पांगुळगाडा आठवला.

पडल्याने ठकीच्या नळ्यांना काही होत नाही. त्या इतक्या बारीक आहेत की त्यांना ठकी पडल्याचं कळतही नाही. धान्यात मणी नसतात, पण नाचणी चालू ठेवा, नाचणी चांगलीच. अंड्यात पाहिलेत ते लाल दोरे रक्तवाहिन्या, तंतू नव्हेत. पण अंडं परत ठेवलंत ते फार बरं केलंत.

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत ते मी लिहिते. रागावू नका. तुम्ही ठकीकडे बघता तेव्हा तुम्हाला माझे अप्पा दिसतात ना? दोन वर्षांचे होते, ताप आला आणि मग पाय उचललेच नाहीत. अप्पांच्या नळ्यांत खोट नव्हती. पोलिओने पायांना हुकूम देणाऱ्या पेशीच मारल्या होत्या. कोणी त्यांना पडू दिलं म्हणून ते झालं नाही, आणि कोणी जपलं असतं म्हणून टळलं नसतं. ठकीचा पाय हातोडीने उडतो. अप्पांचा उडायचा नाही, मी लहानपणी खेळात मारून बघितलंय.

अप्पा तुमची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. तुम्ही मिशनच्या कारखान्यात सुतारकाम शिकायला लागलात, तेव्हा पहिली वस्तू केलीत ती सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा पांगुळगाडा. तो ओट्यावरून घरंगळला, अप्पांचे पुढचे दोन दात पडले, आणि तरी ते सांगायचे, "अख्ख्या तालुक्यात एवढा मोठा पांगुळगाडा माझ्या एकट्याकडे होता." पडल्याचं ते हसून सांगायचे, आबा. घरंगळलो तेवढंच माझं धावणं, म्हणायचे.

पाचर काढा. एवढंच मागते.

तुमची,
सारा


बंगलोर
४ सप्टेंबर १९९७

ति. आबांना, सलाम.

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. हेलनवहिनींचंही नाही. ठकी श्रीरामपूरला गेली का? अप्पांबद्दल लिहिलं ते तुम्हाला लागलं असेल तर मला तसं लिहा, रागावून लिहा, पण लिहा. हे कार्ड आहे, पोस्टमन वाचणार, म्हणून जास्त लिहीत नाही. पोस्टमनदादा, त्यांना सांगा, उत्तर द्या म्हणून.

सारा


घोडेगाव
१४ सप्टेंबर १९९७

चि. सारा हीस,
आबाचे अनेक आशीर्वाद आणि सलाम.

पोस्टमनने कार्ड दिलं आणि उभा राहिला. "उत्तर द्या म्हनती," म्हणाला, "मी थांबू का?" त्याला चहा पाजून घालवला.

रागावलो होतो, खोटं कशाला बोलू. तुझं पत्र वाचलं, घडी केली आणि हत्यारांच्या पेटीत पटाशीखाली ठेवून दिलं. शांतवनचं नाव तू काढायला नको होतंस असं वाटलं. मग वाटलं, बाप तुझा आहे, तू काढणार नाहीस तर कोण? पाचर मात्र काढली नाही. हात जाईना. तू बशीत बघतेस, मी आमच्या चौकटीत बघितलंय. तो उंबऱ्यावर बसायचा आणि पोरं विटीदांडू खेळायची. त्याला पाठुंगळी मारून शाळेत नेणारा मी. त्याचा वर्ग सुटेपर्यंत बाहेर बसायचो, म्हणून माझं शिक्षण खिडकीतून जेवढं ऐकू आलं तेवढं. ते राहू दे. झालं काय ते ऐक.

शिंगणापूरच्या सूर्यभानने नवं घर बांधायला काढलं होतं. चौकट माझ्याकडे. त्या गावात घराला चौकट असते, दार नसतं, हे तुला माहीत आहे. कुत्रं येऊ नये म्हणून फार तर फळी टेकवतात. सूर्यभानचा हट्ट, श्रावणातल्या शनिवारीच चौकट उभी करायची. त्याच शनिवारी हेलनच्या प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस, जस्टिन कांदा घेऊन बाहेर, आणि जिच्याकडे ठकीला ठेवायचं ती कडूबाई सकाळीच लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. म्हटलं, ठकीला बरोबर नेऊ, पांगुळगाडाही नेऊ.

चौकट आदल्या दिवशीच ट्रॅक्टरने गेली होती. आम्ही दोघं फाट्यावर उभे. शनिवारची गर्दी, जीपमध्ये माणसावर माणूस. जीपवाला उतरला, पांगुळगाड्याकडे बघितलं, पाच चाकं मोजली आणि म्हणाला, "आबा, रस्त्यावर येकच गाडी चालती. तुमची न्यायची का माजी?" मागून, पुढून, आडवा, उभा, कसाही तो आत जाईना. टपावर तेलाचे डबे. मीच एवढा रुंद केला होता. शेवटी चहाच्या टपरीपाशी ठेवला आणि पोरीला मांडीवर घेऊन गेलो.

सूर्यभानच्या घरी पूजा झाली. ती त्यांची, मी बाजूला उभा राहतो, तीस वर्षांची रीत आहे. मग चौकट उभी केली. बाभळीची, दोन माणसांचं वजन. ओळंबा लावला. सरळ झाली आणि सूर्यभान म्हणाला, "आबा, जरा धरा, गवंड्याला हाक मारून टेके आन्तो." मी दोन्ही हातांनी चौकट धरून उभा. ठकी वाळूवर बसलेली, माझ्या पायापाशी.

चौकटीच्या पलीकडे अंगणात शेळीचं करडू उड्या मारत होतं.

सारा, ती चौकटीच्या खांबाला धरून उठली. मी म्हटलं, "ठके, बस खाली." तिने करडाकडे बघितलं. एक हात पुढे केला आणि बोटं हलवायला लागली. तुझ्या पत्रातला पंजा मला तिथे दिसला, शपथेवर सांगतो. एक पाय उंबऱ्यापलीकडे टाकला. मग दुसरा. मग हात सोडला.

मी हात सोडू शकत नव्हतो. सोडला असता तर चौकट तिच्यावरच आली असती. जन्मात मी कधी इतका बांधला गेलो नव्हतो. ती गेली, डुलली आणि पडली. मी ओरडलो, "सूर्यभान, आरं धाव!" ती उठली. परत पडली, तोंडावर. मी येशूचं नाव घेतलं, समोर सूर्यभानचा देव होता, त्याचंही घेतलं, पाळकसाहेबांना सांगू नकोस. ती हाताला लागलेली वाळू बघत बसली, वाळू चाखली, थुंकली आणि उठली. करडू बाजूला झालं तशी तीही वळली. ती न पडता वळली!

सूर्यभान टेके घेऊन दारात, म्हणजे जिथे दार नाही तिथे, येऊन उभा राहिला.

"आबा, वरडता कशाला? पोरगी चालतीय."

"मला दिसतंय!"

"मग वरडता कशाला?"

मी चौकट धरून रडत होतो. नाक पुसायला हात मोकळा नव्हता. सूर्यभानने त्याच्या उपरण्याने माझं नाक पुसलं, आणि मग आम्ही दोघंही हसायला लागलो, तर ओळंबा हलला आणि गवंडी शिव्या द्यायला लागला.

त्या गावच्या चौकटी करताना मला दर वेळी वाटायचं की अर्धंच काम करून पैसे घेतो. त्या दिवशी तसं वाटलं नाही. चौकट पक्की झाली, आणि तिच्यातून जायचं होतं ते गेलं होतं.

संध्याकाळी हेलन नगरहून आली ती तोंड वाकडं करूनच. तिने श्रीरामपूरची पिशवी भरून ठेवली होती, हे मला आधीच दिसलं होतं, मी बोललो नव्हतो. ठकी ओसरीतून निघाली आणि तिच्या साडीला जाऊन धडकली. हेलन खाली बसली. "कोणी शिकवलं?" म्हणाली. मी म्हटलं, "करडानं." मग ती माझ्या पाया पडली, तेव्हा मी म्हटलं, "उलट मीच पडायला पाहिजे." ती म्हणाली, "नको, तुम्ही पडू नका, तुमच्या नळ्या मोडतील." अशी ही सून. श्रीरामपूरला गेली, पण दोन रात्रींसाठी, आईला पोरीचं चालणं दाखवायला.

पांगुळगाडा टपरीवरून परत आणला. कडूबाईने तो कोंबड्यांसाठी मागून नेला. पाच चाकांचं खुराडं पंचक्रोशीत कोणाकडे नाही, असं ती सगळ्यांना सांगते. शांतवनसारखंच.

एवढा उशीर का झाला ते आता कळलं असेल. पत्र लिहायला बसलो की ठकी निघते. हे पत्र मी चार ठिकाणी बसून लिहिलंय. काल ती गोठ्यात होती, परवा पाळकसाहेबांच्या घरात, आणि आज सकाळी फाटक उघडून नगर-औरंगाबाद रस्त्याकडे निघालेली पोस्टमनने आणून दिली. इथून साखर कारखान्याच्या गाड्या धडधडत जातात. फाटकाला दोन कड्या लावल्या आहेत. कडूबाई म्हणते, "आता काय, परत देव्हारा?"

तू लिहिलंस की तंतू चाचपडत पुढे जातो. पण तो पायाच्या अंगठ्याशी पोचल्यावर थांबतो, असंही तुझ्या पहिल्या पत्रात दिसतं. नाहीतर तो बाहेर आला असता. मग त्या पंजाला कोण सांगतं की आता पुरे, इथेच? तेवढं नीट लिही, आणि या वेळी मध्येच अंडी काढायला जाऊ नकोस. पत्राला उशीर होणार असेल तर त्या खोक्यावर फोन कर, मी लाल आकड्यांकडे बघणार नाही. पण लवकर कळव, पोरी. ती बघ, निघाली.

तुझा,
प्रभुदासआबा